चोवीस पिशव्यांचे अ‍ॅडव्हेंट कॅलेंडर: मित्रास पत्र

दि. ३० ऑगस्ट

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. या वर्षी घरच्यांसाठी क्रोशाचे अ‍ॅडव्हेंट कॅलेंडर, म्हणजे नाताळाची वाट पाहताना १ डिसेंबरपासून रोज एक उघडायच्या चोवीस पिशव्या, स्वतःच्या हाताने विणायचे तू मनावर घेतले आहेस, हे वाचून किती आनंद झाला म्हणून सांगू! गेल्या नाताळात आमच्या भिंतीवरच्या पिशव्या तू एकेक करून बोटांनी चाचपून पाहत होतास, तेव्हाच माझ्या मनात आले होते की हा आता गप्प बसणार नाही. "कधी सुरुवात करू आणि कशी?" एवढेच तू विचारले आहेस; पण त्याचे उत्तर एका पानात मावणारे नाही, म्हणून हे पत्र सवडीने लिहायला बसलो आहे.

'कधी'चे उत्तर आधी देतो, कारण तेच सर्वांत महत्त्वाचे आहे. २० सप्टेंबरला सुई हातात घे. एक पिशवी विणायला मला साधारण दीड तास लागतो, आणि दिवसभराची कामे उरकल्यावर रात्री अर्ध्या तासाहून अधिक वेळ सलग मिळत नाही. म्हणजे एका पिशवीला तीन दिवस आणि चोवीस पिशव्यांना बहात्तर. १ डिसेंबरपासून बहात्तर दिवस मागे मोजले की बरोबर २० सप्टेंबर येतो. मुले चोवीस दिवस वाट पाहणार, आणि त्यांच्या प्रत्येक दिवसापाठी आपले तीन दिवस आधीच गुंफलेले असणार. हे गणित पहिल्यांदा मांडले तेव्हा मी हातातले काम बाजूला ठेवून नुसता बसून राहिलो होतो. दुकानातून आणलेल्या कॅलेंडरचे आणि हाताने केलेल्या कॅलेंडरचे अंतर मला तिथे कळले. तू नवीन शिकणारा आहेस, तेव्हा पहिल्या दोन-तीन पिशव्यांना दुप्पट वेळ लागेल हे धरून हवे तर आणखी आठवडाभर आधी बस.

चोवीसच का, असा प्रश्न तुझी मुलगी नक्की विचारील, म्हणून तेही सांगून ठेवतो. आगमनकाळ, म्हणजेच अ‍ॅडव्हेंट, नाताळापूर्वीच्या चौथ्या रविवारी सुरू होतो, आणि तो रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान कधीही येतो. त्यामुळे तो काळ कधी बावीस दिवसांचा असतो, कधी अठ्ठावीस दिवसांचा. १८३९ साली हॅम्बुर्गमध्ये योहान हिन्रिक विखेर्न यांनी आपल्या आश्रमातील मुलांसाठी लाकडी चाकावर मेणबत्त्या लावल्या, रविवारच्या मोठ्या पांढऱ्या आणि इतर दिवसांच्या लहान लाल, तेव्हा त्यांना त्या दरवर्षी नव्याने मोजाव्या लागत असणार. कॅलेंडरने हा घोळ मिटवला आणि १ ते २४ डिसेंबर हे दिवस कायमचे धरले. छापील कॅलेंडरे येण्यापूर्वी जर्मनीतील प्रॉटेस्टंट घरांमध्ये दारावर खडूने चोवीस रेघा ओढीत आणि मुले रोज एक रेघ पुसून टाकीत. मला ही रीत फार आवडते. वाट पाहणे डोळ्यांना दिसावे, रोज थोडे कमी होताना दिसावे, एवढीच त्या रेघांची धडपड होती.

आणि ज्यांनी हे कॅलेंडर छापून घरोघरी नेले त्या गेरहार्ड लांग यांची गोष्ट तर तुला विशेष आवडेल. ते लहान असताना त्यांच्या आईने पुठ्ठ्यावर चोवीस छोटी बिस्किटे शिवून दिली होती, रोज एक काढून खायला. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला म्युनिकमध्ये छपाईच्या व्यवसायात असताना त्यांनी त्याच आठवणीवरून कॅलेंडर छापले. त्या पहिल्या कॅलेंडरला उघडायची दारे नव्हती. चोवीस चित्रे कापून ती दुसऱ्या कागदावरील चोवीस चौकोनांत रोज एक अशी चिकटवायची होती. थोडक्यात, आपण पिशव्या विणून काही नवे करीत नाही. त्या माऊलीने सुईदोऱ्याने जे केले त्याच्याच जवळ परत जात आहोत.

आता 'कशी'. पहिल्या वर्षी माझी जी चूक झाली ती तू करू नकोस. मऊ लोकर घेऊन सहा उभ्या आणि चार आडव्या रांगांचा एकच मोठा पडदा मी विणला आणि त्यावर खिसे शिवले. विणून झाला तेव्हा तो देखणा दिसला, पण खिशांत वस्तू घालताच वजनाने ताणला गेला. आठवड्याभरात खालची रांग चार बोटे खाली उतरली आणि कडेचे खिसे तोंडे वासून उभे राहिले. क्रोशाचे विणकाम लोकरीत ताणते, आणि एकदा ताणलेले पुन्हा पूर्ववत होत नाही. म्हणून दुसऱ्या वर्षी मी तो सगळा पडदा उसवला आणि सुती दोऱ्याच्या चोवीस सुट्या पिशव्या केल्या, ज्या एका आडव्या काठीला वेगवेगळ्या उंचीवर टांगता येतात. सुती दोरा फारसा लवचीक नसतो, बोटांना सुरुवातीला थोडा कडक लागतो, पण आकार धरून ठेवतो. स्वयंपाकघरातील काट्यावर माझी एक पिशवी सुमारे १० ग्रॅम भरली. ५० ग्रॅमचे सहा गुंडे घेतलेस तर दोऱ्या आणि आकडे धरूनही पुरतील. सुई ३ मिलिमीटरची घे.

पिशवी अशी कर. सरगाठ मारून १७ साखळ्या घाल. सुईपासूनच्या दुसऱ्या साखळीत पहिला मुका खांब (म्हणजे आखूड टाका) घाल आणि टोकापर्यंत १६ मुके खांब पूर्ण कर. तिथे काम उलटू नकोस. तसेच वळवून त्याच साखळ्यांच्या खालच्या अंगाने परत १६ मुके खांब घालत ये. झाले ३२, आणि पिशवीचा तळ शिवणीविना तयार. यापुढे फक्त गोल गोल फिरत राहायचे. पहिल्या टाक्यात वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचा तुकडा अडकवून ठेव आणि प्रत्येक फेरीला तो वर सरकव, नाहीतर फेरी कुठे संपली हे कळणार नाही. तळाची फेरी धरून अशा १८ फेऱ्या झाल्या की सुमारे ८ सेंटीमीटर रुंद आणि तेवढीच उंच पिशवी होते. शेवटी नाडीसाठी एक जाळीची फेरी: एक खांब (मुक्या खांबाहून उंच टाका), एक साखळी, मधला एक टाका सोडून पुन्हा एक खांब. त्यामुळे १६ भोके पडतात. ही संख्या सम असणे महत्त्वाचे आहे, कारण नाडी एका भोकातून आत, पुढच्यातून बाहेर अशी ओवत गेल्यावर तिची दोन्ही टोके बाहेरच्याच बाजूला यायला हवीत. नाडी म्हणजे नुसती साखळी. ती वीतभरापेक्षा लांब ठेवू नकोस, घरात लहान मूल आहे.

एका पिशवीत जाळीची फेरी सोडून ५७६ मुके खांब होतात. सुरुवातीला मी ते मोजत असे; सातव्या-आठव्या पिशवीपासून मोजणे आपोआप सुटले आणि हात स्वतःच्या लयीने चालू लागला. सुई टाक्यात जाते, धागा ओढून आणते, सुईवर दोन वेढे दिसतात, पुन्हा धागा घेऊन दोन्हींतून एकदम बाहेर. त्या वेळी मनात घरातली माणसे येत राहतात. बाराव्या पिशवीच्या वेळी धाकटा तापाने पडला होता. त्याच्या उशाशी बसून विणलेली ती पिशवी इतरांपेक्षा घट्ट झाली आहे, आणि दरवर्षी ती हातात आली की मला ती रात्र आठवते. तू गेल्या वर्षी विचारलेस की सगळ्या पिशव्या अगदी एकसारख्या का नाहीत. त्याचे कारण हे.

आकड्यांविषयी थोडे सविस्तर लिहितो. गोल विणताना प्रत्येक टाका खालच्या टाक्याच्या अगदी डोक्यावर बसत नाही, किंचित बाजूला सरकतो, आणि उजव्या हाताने विणणाऱ्याचे टाके उजवीकडे झुकत जातात. म्हणून पिशवीवर टाक्यांच्या ओळीने आकडा भरला तर तो वाकडा दिसतो. त्यापेक्षा बारीक दोऱ्याने आणि २ मिलिमीटरच्या सुईने आकडे वेगळे विणून वर शिवावेत. १ ते २४ लिहायला एकूण ३९ आकडे लागतात, आणि त्यांत १ हा आकडा तेरा वेळा येतो. त्याच्या खालोखाल २, आठ वेळा.

हे तेरा १ माझ्या आईने केले आहेत. मला क्रोशा तिनेच शिकवला. तिची शिकवण्याची तऱ्हा अशी की आधी स्वतः विणलेला तुकडा हातात द्यायचा आणि सांगायचे, "उसव सावकाश." एकेक टाका सुटताना धागा कुठून कुठे गेला होता हे दिसत जाते, आणि सगळा तुकडा सुटला की तोच पुन्हा विणायचा. आता तिची नजर फार अधू झाली आहे. तिने विणणे सोडल्याला बरीच वर्षे झाली होती, आणि कॅलेंडरसाठी काही कर म्हणून मी तिला म्हणालोही नव्हतो. एका रात्री मी आकडे करीत बसलो असताना तिने हात पुढे केला आणि सुई मागितली. आपला मराठी १ म्हणजे वर एक लहानसे कडे आणि त्याला खाली लोंबणारी शेपटी. तिने बोटाभोवती धागा गुंडाळून कडे केले, अंगठ्याच्या नखाने टाके चाचपून मोजले, आणि तिथूनच साखळीची शेपटी काढली. एकदाही खाली पाहिले नाही; खिडकीकडे तोंड करून माझ्याशी बोलत होती. डोळ्यांचे काम बोटांनी उचलले होते. रोज एक याप्रमाणे तिने तेरा १ केले. त्यांतला एक जरा मोठा झाला. तो मी मुद्दाम ११ च्या पिशवीवर लहान १ शेजारी लावला आहे. माझी मुलगी त्या पिशवीला 'आजी आणि मी' म्हणते.

रंगाबाबत एक सावधगिरी. माझ्या पहिल्या लाल दोऱ्याचा रंग धुताना उतरला आणि पांढऱ्या आकड्यांवर गुलाबी डाग पडले; सहा पिशव्यांचे आकडे काढून पुन्हा शिवावे लागले. विणण्यापूर्वी दोऱ्याचा हातभर तुकडा भिजवून पांढऱ्या फडक्यात दाबून ठेव. फडके स्वच्छ राहिले तरच तो दोरा वापर.

पिशव्यांत काय घालावे, हा विषय प्रत्येक घराचा वेगळा, तरी एवढे सांगतो की चोवीस भेटवस्तू घालण्याच्या भरीस पडू नकोस. आठ सेंटीमीटरच्या पिशवीत मोठे काही मावतच नाही, आणि ते बरे आहे. आमच्याकडे बहुतेक पिशव्यांत चिठ्ठी असते: आज सगळ्यांनी दिवा मालवून मेणबत्तीच्या उजेडात जेवायचे, आज आजीला तिच्या लहानपणीच्या नाताळाविषयी विचारायचे, आज ज्याच्याशी भांडण झाले त्याला पत्र लिहायचे. आजीच्या चिठ्ठीच्या दिवशी ती जे बोलली त्यातले निम्मे मी स्वतः पहिल्यांदा ऐकले. चार-पाच पिशव्यांत खाऊ, दोन-तीनांत एखादी चिमुकली वस्तू. तुझी मुलगी अजून वाचत नाही, तेव्हा चिठ्ठीऐवजी चित्र काढ.

सर्व पिशव्या ३० नोव्हेंबरच्या रात्रीच भरून ठेव आणि प्रत्येक पिशवी बाहेरून दाबून पाहा. रोजची रोज भरू म्हणून मी एका वर्षी ढिलाई केली आणि ९ तारखेची पिशवी रिकामी राहिली. मुलीने नाडी सोडली, हात आत घातला, कोपरे चाचपले आणि काही न बोलता नाडी पुन्हा ओढून गाठ मारली. ती रडली असती तर मला इतके लागले नसते. संध्याकाळी तिने स्वतः कागदाची घडी करून त्या पिशवीत ठेवली आणि भावाला ती उघडायला लावली. आत एका ताऱ्याचे चित्र होते. तेव्हापासून आमच्याकडे उघडलेली पिशवी रिकामी लटकत नाही. ज्याने उघडली त्याने झोपण्यापूर्वी घरातल्या दुसऱ्या कोणासाठी तरी त्यात काहीतरी ठेवायचे. हा नियम मी केलेला नाही, तिचा आहे. दोन्ही मुलांत विषम तारखा एकाच्या आणि सम तारखा दुसऱ्याच्या, आणि २४ दरवर्षी एकाच्याच वाट्याला येऊ नये म्हणून पुढच्या वर्षी अदलाबदल.

नाताळ झाला की पिशव्या कोमट पाण्यात हाताने धुऊन, सपाट पसरून, हाताने चौकोनी आकार बसवून वाळव आणि सुती कापडात बांधून ठेव. छापील कॅलेंडरची दारे एकदा उघडली की ते संपते. आमच्या पिशव्यांचे हे चौथे वर्ष आहे.

या पत्रासोबत एक पिशवी पाठवीत आहे. तिच्यावर आकडा नाही आणि धाग्याचे शेवटचे टोक मी मुद्दाम आत लपवलेले नाही. ते धर आणि नाडीच्या फेरीपासून खाली तळाच्या साखळीपर्यंत सावकाश उसवत जा, म्हणजे माझ्या लिहिण्यात जे नीट उतरले नसेल ते दिसेल. मग त्याच दोऱ्याने तुझी पहिली पिशवी विण. पिशवीच्या आत कागदात गुंडाळलेला एक १ आहे. तुझ्या बेताविषयी आईला सांगितल्यावर तिने परवा तो केला, चौदावा. तो मात्र उसवू नकोस.

तुझा,
जिवलग मित्र