घराचं टोकन (आगाऊ रक्कम) देण्याआधी एकदा ये

डोंबिवली पूर्व

प्रिय मित्रा,

अंधेरीची नोकरी पक्की झाली हे कळल्यावर हिने लगेच देवापुढे साखर ठेवली. डोंबिवलीत दहा हजारांत घर मिळतं का, असं तू विचारलंयस. मिळतं. पण घाईने हो म्हणू नकोस. आम्ही म्हटलं होतं.

आमचं पहिलं घर मानपाडा रोडला, स्टेशनपासून लांब. वन आरके, म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकघर, भाडं ९,५००. शेअर रिक्षाला माणशी २० रुपये, म्हणजे दोघांचे जाऊन-येऊन ८० आणि पंचवीस दिवसांचे २,०००. घर बघताना हे आमच्या डोक्यातही आलं नाही. पैशांपेक्षा रात्रीची रिक्षाची रांग जिवावर यायची. पावसाळ्यात अर्धा-पाऊण तास सहज जायचा. घरी पोचल्यावर कणीक मळायचं त्राण ना हिच्यात, ना माझ्यात. मग पोळीभाजी केंद्र. इथे ती पावलोपावली आहेत आणि जेवणही घरच्यासारखं असतं, पण आठवड्यातून चारदा आणलं की महिन्याला दीड-दोन हजार जातात.

आता पाथर्लीत राहतो. स्टेशनला चालत जातो. भाडं १२,५००, म्हणजे तीन हजार जास्त, पण रिक्षा सुटली आणि बाहेरच्या पोळ्याही कमी झाल्या. मुख्य म्हणजे हिची पाठदुखी बरीच कमी झाली. तो खर्च मी कुठल्या वहीत लिहिणार होतो?

तेव्हा भाडं विचारायच्या आधी स्टेशनपर्यंत चालून बघ. मग पाणी किती वाजता येतं आणि टँकरचे पैसे कोण देतं, हे विचार. मालकाला नको, खालच्या मजल्यावरच्या बाईंना विचार.

हातात रोख ठेव. आमचं डिपॉझिट ५०,००० होतं, ब्रोकरेज एक महिन्याचं भाडं. अकरा महिन्यांचा करार नोंदवूनच घे. शहरात नोंदणी फी १,००० रुपये आणि मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के, डिपॉझिटवरचं व्याज त्यात धरून. आमच्या हिशेबाने मुद्रांक शुल्काला साडेतीनशेच्या आसपास पुरतात. पहिल्या घरी आम्ही साध्या कागदावर सही केली आणि सोडताना मालकाने रंगाचे म्हणून ८,००० कापले. भिंती आम्ही आलो तेव्हाच पोपडे धरलेल्या होत्या, पण फोटो काढले नव्हते. अजून आठवलं की पोटात तुटतं रे. तू काढ.

लोकलचा पास स्वस्तच आहे. तुला मात्र घाटकोपरला उतरून मेट्रो घ्यावी लागेल आणि महिन्याला मेट्रोलाच पासाच्या कितीतरी पट पैसे लागतील. आणि सकाळी कल्याणकडून येणाऱ्या फास्ट गाडीत इथून पाय ठेवायलाही जागा नसते. दारात लटकून जायचं नाही, एवढं वचन दे. डोंबिवलीहूनच सुटणारी लोकल धर, ती हळू असली तरी चालेल.

एवढं सगळं सांगूनही मला तू इथेच हवा आहेस. दिवाळीच्या पहाटे सगळी डोंबिवली जमते त्या फडके रोडला आपण दोघं उभे आहोत, हे मी किती वर्षं मनात धरून आहे!

शनिवारी ये. दोन रात्री आमच्याकडे राहा. सोमवारी सकाळी माझ्याबरोबर गाडीत चढ, अंधेरीपर्यंत जा, संध्याकाळी गर्दीतून परत ये. मग टोकन द्यायचं की नाही ते ठरव. हिने थालीपिठाची भाजणी दळून आणली आहे.

तुझा,
शेजारच्या बाकावरचा