जुन्या गाडीच्या जाहिरातीत गाडीचा नंबर छापा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात रविवारी छोट्या जाहिरातींचं जे पान येतं ते मी हल्ली बातम्यांच्या आधी वाचतो, कारण त्या पानावरूनच मागच्या वर्षी होळीच्या आसपास मी जुनी गाडी घेतली आणि आता घरात कोणी गाडीचं नाव काढलं की आमच्या मंडळी उठून स्वयंपाकघरात जातात. जाहिरात नेहमीसारखीच, सिंगल ओनर, डॉक्टर युज्ड, कमी रनिंग, ए वन कंडिशन, अर्जंट विकणे, आणि खाली एक मोबाईल नंबर. आता आपल्या खान्देशात एवढे डॉक्टर दर रविवारी अर्जंट गाड्या का विकताहेत हा खरं तर आरोग्य खात्याने बघायचा विषय आहे, पण ते असो.

पत्र लिहिण्याचं कारण फक्त माझी गाडी नाही. गाडी गेली खड्ड्यात. कारण असं की हे प्रकरण ज्याला ज्याला सांगितलं त्याने एकच वाक्य ऐकवलं, स्वस्तात घ्यायला गेलं की असंच होतं. मला हे पटत नाही. अहो बजेट कमी आहे म्हणून कोणी स्वस्त घेतो, हौस म्हणून नाही. आईला औषधपाण्यासाठी धुळ्याला, कधी संभाजीनगरला न्यावं लागतं, मोटरसायकलवर तिला बसवत नाही, एसटी हायवेला उतरवून देते आणि तिथून पुढे रिक्षा शोधा, नवीन गाडीचा हप्ता झेपत नाही, दहा-बारा वर्षं जुन्या गाडीला बँका लोन द्यायला कांकूं करतात, मग सोनेतारण करून दोन लाखाच्या आत जे बसेल ते बघावं लागतं. अशी माणसं पारोळ्यात, अमळनेरात, चोपड्यात, शिरपुरात गल्लोगल्ली आहेत. कापसाचे नाहीतर केळीचे पैसे हातात आले की चार चाकं दारात यावी असं त्यांना वाटतं आणि वाटू नये का?

तर गाडी २०११ ची, पेट्रोल, बडोद्याचं पासिंग, १ लाख ८५ हजाराला ठरली. मीटरवर ४८ हजार किलोमीटर. रंग असा की तोंड बघून घ्या, सीट कव्हर नवं, स्टिअरिंगला नवं कव्हर, आत अत्तराची बाटली टांगलेली. त्या अत्तराचा अर्थ फार उशिरा कळला. गाडी दाखवणारा कन्सल्टंट, म्हणजे जुन्या गाड्यांचा दलाल, म्हणाला, भाऊ डोया झाकीसन ली ले, माले फोन कराना काम पडाव नही. आणि एक गोष्ट त्याची खरी निघाली, फोन करायचं काम पडलंच नाही कारण नंतर तो फोन उचलतच नव्हता.

मे महिन्यात, म्हणजे आपल्याकडे पारा ४५ च्या घरात असताना, आईला घेऊन संभाजीनगरला निघालो. चाळीसगाव सोडलं, कन्नडचा घाट लागला, आणि अर्ध्या घाटात टेम्परेचरचा काटा वर सरकायला लागला. एसी बंद केला, काचा खाली केल्या, तरी काटा थांबेना आणि मग बोनेटमधून वाफ. मागे गाड्यांची रांग, हॉर्नवर हॉर्न, आई मागच्या सीटवर ओल्या टॉवेलने तोंड पुसतेय. एका पिकअपवाल्याने टोचन करून खाली चाळीसगावला आणून सोडलं, त्याचं भलं होवो.

तिथला मिस्तरी म्हातारा माणूस, बोलणं कमी. त्याने ऑइलची पट्टी काढून बघितली तर ऑइल दुधाळ झालेलं, म्हणजे हेड गॅस्केट, इंजिनातलं पाणी आणि ऑइल वेगळं ठेवणारं सील, गेलेलं आणि कुलंटचं पाणी ऑइलमध्ये उतरलेलं. इथपर्यंत ठीक, जुन्या गाडीला होतं कधी कधी. पण नंतर त्याने जे केलं ते मी विसरणार नाही. पुढच्या सीटचा बेल्ट धरला आणि ओढत गेला, ओढत गेला, पार शेवटपर्यंत, जिथपर्यंत आपण कधीच ओढत नाही. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर वाळलेल्या गाळाचा डाग, आणि डागाची कड पाण्याच्या रेघेसारखी सरळ. मग स्टेपनी उचलली, खालच्या खळग्यात बारीक माती. डॅशबोर्डखाली हात घालून वायरिंगचा एक जोड काढला तर पितळी पिना हिरव्या पडलेल्या. हात पुसत म्हणाला, भाऊ, हाई गाडी पानीमा बुडेल शे.

ऑगस्ट २०२४ मध्ये बडोद्यात विश्वामित्री नदीला मोठा पूर आला होता, सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये टपापर्यंत बुडालेल्या गाड्यांचे फोटो सगळ्यांनी पाहिले. माझी गाडी त्यातलीच आहे असं मी छातीठोक सांगू शकत नाही, पावसाळ्यात पाणी कुठेही भरतं. पण पुरात बुडालेली गाडी विमा कंपनी टोटल लॉस करते, मग ती भंगाराच्या भावात लिलावाला जाते, कोणीतरी ती धुवून पुसून उभी करतो आणि दोन-तीन हात बदलून ती बॉर्डरच्या पलीकडे जाते, हा व्यवहार काही गुपित नाही. आपला खान्देश तर गुजरातला लागूनच, नवापूर ओलांडलं की झालं. मिस्तरी सांगत होता की पाण्यातली गाडी सुरुवातीला मस्त चालते, वायरिंगमधला गंज हळूहळू खातो, आणि मग आज सेल्फ लागत नाही, उद्या काचा वर होत नाहीत, परवा रेडिएटरचा फॅन फिरत नाही. माझ्या गाडीचा फॅन असाच बंद पडलेला होता, म्हणून इंजिन तापलं. गॅस्केट, हेडचं फेसिंग, फॅनची मोटर, मजुरी, सगळं धरून ३१ हजार गेले आणि तरी ती आज धड चालत नाही. मीटरचं म्हणाल तर ब्रेकच्या पेडलचं रबर घासून गुळगुळीत झालेलं, ४८ हजारात रबर असं होत नाही, आणि टायरवर शेवटचे चार आकडे १४१३ होते म्हणजे २०१३ सालच्या चौदाव्या आठवड्यात बनलेले, बारा वर्षं जुने टायर. हे चार आकडे बघायला पैसे लागत नाहीत हे वाचकांनी लक्षात ठेवावं.

आता मुद्द्यावर येतो. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घेताना माणूस आधी तोंड उघडून दात बघतो, चालवून बघतो, आणि सौदा झाला की बाजार समितीची पावती फाटते, घेणारा कोण देणारा कोण सगळं कागदावर येतं. आणि दोन लाखाच्या गाडीला काय, तर पाचशेचा स्टॅम्पपेपर. त्यावर टाईप केलेलं, गाडी पाहून, चालवून, पसंत पडल्याने जशी आहे तशा स्थितीत घेतली, पुढे कोणतीही तक्रार राहणार नाही, आणि अमुक तारीख अमुक वाजल्यापासून ॲक्सिडेंट, चलन, पोलीस केस सगळी जबाबदारी घेणाराची. खाली सही माझी, आणि देणार म्हणून बडोद्याच्या एका माणसाची, ज्याला मी जन्मात पाहिलं नाही. ज्याने गाडी दाखवली, भाव केला, नोटा मोजून घेतल्या, त्या कन्सल्टंटचं नाव त्या कागदावर कुठेच नाही! गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे, सही केलेले कोरे २९ आणि ३० नंबरचे फॉर्म त्याच्या ड्रॉवरमध्ये गठ्ठ्याने पडलेले असतात. आणि हो, सिंगल ओनरची गंमत इथेच आहे, गाडी तीन हात फिरली तरी मधल्या कोणी नावावर केलीच नाही, म्हणून आरसीवर ओनर एकच.

पक्कं बिल मागितलं तर म्हणाला अठरा टक्के जीएसटी लागेल, ३३ हजार वरून द्या. माणूस घाबरून गप्पच बसणार ना. नंतर आमच्या ओळखीच्या टॅक्सवाल्याने समजावलं की जानेवारी २०२५ पासून जुन्या गाड्यांवर १८ टक्के आहे हे खरं, पण तो रजिस्टर्ड डीलरच्या नफ्यावर, म्हणजे खरेदी आणि विक्रीतल्या फरकावर, पूर्ण किमतीवर नाही. त्याने वीस हजार कमावले असतील तर टॅक्स ३६०० होतो. ३३ हजाराचा बागुलबुवा दाखवला की बिल कोणी मागत नाही आणि बिल नाही म्हटलं की पुढे ग्राहक आयोगात जायलाही धड कागद नाही. तिथे पाच लाखापर्यंतच्या खरेदीला फी पण लागत नाही, १९१५ हा ग्राहक हेल्पलाईनचा नंबर आहे, हे सगळं आहे, पण तक्रार करायची कोणावर, बडोद्याच्या त्या माणसावर?

यावर कायदा नाही असंही नाही. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये मोटार वाहन नियमांत बदल केला आणि १ एप्रिल २०२३ पासून तो लागू आहे. त्याप्रमाणे जुन्या गाड्यांचा धंदा करणाऱ्या डीलरला आरटीओकडून अधिकारपत्र घ्यावं लागतं, ते पाच वर्षं चालतं. मालकाने गाडी अशा डीलरच्या ताब्यात दिली की तसं ऑनलाईन कळवायचं आणि मग विकली जाईपर्यंत कागदोपत्री तो डीलरच मालक मानला जातो, सगळी जबाबदारी त्याची, गाडी कुठे फिरवली त्याची नोंदही त्यानेच ठेवायची. नियम चांगला आहे. पण हायवेच्या कडेला, बायपासला, पेट्रोलपंपाच्या बाजूला पताका लावून गाड्या उभ्या केलेल्या असतात त्यातल्या किती जणांकडे हे पत्र आहे, एकदा तुमच्या बातमीदाराला फिरवून बघा. मी दोघांना विचारलं. एक म्हणाला ते मोठ्या शोरूमवाल्यांना असतं, दुसऱ्याने चहा मागवला आणि विषय बदलला.

गाडी विकणाऱ्यांनीही जरा ऐकावं. कोऱ्या फॉर्मवर सह्या करून पैसे घेऊन मोकळे झालो असं वाटतं, पण सुप्रीम कोर्टाने २०१८ साली साफ सांगितलंय की अपघाताच्या वेळी आरसीवर ज्याचं नाव तोच मालक, मधे कितीही जणांनी घेतली दिली असली तरी. म्हणजे बडोद्याचा तो माणूस आज रात्री शांत झोपतोय खरा, पण माझी गाडी कोणाला लागली असती तर समन्स त्याच्या दारात गेलं असतं. त्याला याची कल्पनाही नसेल.

बाकी खर्च तर विचारूच नका. परराज्यातली गाडी म्हणून तिकडच्या आरटीओची एनओसी, इकडचा टॅक्स वेगळा, इकडचा नंबर घ्यायला एजंटचे हेलपाटे, आणि गाडी २०११ ची म्हणजे यंदा पंधरा वर्षं पुरी, आता फिटनेस दाखवून पुन्हा नोंदणी करायची त्याची फी कारला पाच हजार, वर ग्रीन टॅक्स, म्हणजे जुन्या गाडीचा पर्यावरण कर. यातला एक शब्द सौद्याच्या वेळी निघाला नव्हता.

मधे मी ती विकायचं ठरवलं आणि तुमच्याच पेपरच्या शहरातल्या जाहिरात काउंटरवर गेलो. मजकूर दिला, २०११ मॉडेल, गुजरात पासिंग, पाण्यात बुडालेली असण्याची शक्यता, हेडचं काम झालेलं, किंमत बघून बोलू. काउंटरवरचा मुलगा चांगला होता, वाचून हसला आणि म्हणाला, काका एवढं कशाला लिहिता, शब्दाचे पैसे लागतात, कंडिशन गुड टाका. त्याचा दोष नाही, त्याला तसंच शिकवलं असेल. मी जाहिरात न देताच परत आलो.

साहेब, माझी मागणी त्या काउंटरपुरतीच आहे. जुन्या गाडीची जाहिरात घेताना गाडीचा पूर्ण नंबर छापल्याशिवाय घेऊ नका, आणि जाहिरात डीलरची असेल तर त्याच्या आरटीओ अधिकारपत्राचा नंबरही छापा. जमिनीच्या जाहीर नोटिशीत गट नंबर असतो की नाही, मग गाडीत का नको. नंबर असला की घेणारा घरी बसून एम-परिवहन या सरकारी ॲपवर टाकून गाडीचं वय, इन्शुरन्स, फिटनेस, पीयूसी तरी बघेल, चलनं वेगळी बघेल, आणि २०११ ची गाडी २०१४ ची म्हणून त्याच्या गळ्यात कोणी मारणार नाही. पाण्यात बुडालेली आहे का हे त्यावरून कळणार नाही हे मलाही माहीत आहे, पण नंबर द्यायलाच जो तयार नाही त्याच्याकडे जायचं की नाही हे तरी ठरवता येईल. आणि आरटीओच्या साहेबांना विनंती की तालुक्याला लायसनचं शिबिर घ्यायला येता तेव्हा जाताना या पताकावाल्यांकडेही चक्कर मारा, आणि जिल्ह्यात अधिकारपत्र कोणाकोणाकडे आहे ती यादी शिबिराच्या जागी लावा.

पत्र लांबलं, काटछाट केली तरी चालेल. घाटातलं काढा, डॉक्टरांचं काढा, पण नंबरचा मुद्दा तेवढा ठेवा.

आपला,
एक वाचक
पारोळा, जि. जळगाव