आधी विचारा, मग ट्रक भरा

मा. संपादक,
स. न.

पावसाळा तोंडावर आला की किनाऱ्यावर आपत्तीच्या तयारीच्या बैठका सुरू होतात. धान्याची पाकिटं किती, ब्लँकेटं किती, सगळं ठरतं. ज्यांना ती द्यायची, त्यांना मात्र कोणी विचारत नाही.

३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर आमच्या श्रीवर्धन तालुक्यात बाहेरून मदत बरीच आली. देणाऱ्यांच्या मनाविषयी शंका नाही. पण तांदूळ-डाळ आली तेव्हा बहुतेक घरांत आगोट (पावसाळ्यासाठीचा धान्याचा साठा) भरलेली होती, छप्पर उडाल्यामुळे ती भिजत होती. हवे होते पत्रे, खिळे, ताडपत्री आणि आडव्या पडलेल्या माडा-पोफळींतून (नारळ-सुपारीच्या झाडांतून) वाट काढायला कटर. वीज नाही, म्हणजे विहिरीवरचा पंप बंद, म्हणजे प्यायचं पाणी बंद, हे बाहेरच्यांच्या लक्षात यायलाच वेळ लागला.

बागायतीला हेक्टरी ५० हजार जाहीर झाले. ऐकायला रक्कम मोठी, पण आमच्या वाड्या, म्हणजे नारळ-सुपारीच्या बागा, गुंठ्यांत! गुंठ्याला पाचशे रुपये. ओरड झाल्यावर झाडामागे मदत ठरली, पोफळीला ५० आणि माडाला २५०. पोफळीला फळ धरायला सहा-सात वर्षं लागतात, त्यामुळे हेही तुटपुंजंच; पण निदान झाडं तरी मोजली गेली.

तीच गत नव्याने लावायच्या रोपांची. सुपारीचं रोप उघड्या उन्हात करपतं. वादळाने वाडीची सावलीच नेली, तिथे आधी केळी लावावी लागते, मग सुपारी. हे कुठल्याही वाडीवाल्याने उभ्या उभ्या सांगितलं असतं.

विचारायलाही वेळ साधावी लागते. सकाळी अकराला ग्रामपंचायतीत सभा ठेवली तर कोळणी बाजारात असतात, आणि दोन-चार पुढारी बोलतात तेच गावाचं म्हणणं ठरतं. कोळणींना गाठायचं तर मासळी विकून त्या परतल्यावर कोळीवाड्यातच जावं. वाड्यांचे सातबारे सामाईक, त्यावरची निम्मी नावं मुंबईला. त्यांच्या संमतीवाचून मदतीचे पैसे अडकतात. हे सगळे गणपतीला आणि शिमग्याला गावी असतात.

तेव्हा कृषी आणि महसूल खात्याचा एकेक माणूस येत्या गणपतीत गावात येऊन बसावा, ही विनंती. उतारे आम्ही काढून ठेवतो.

– एक बागायतदार, ता. श्रीवर्धन, जि. रायगड