मे महिन्यातही रक्त लागते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझी नात सयाजीराव विद्यापीठात शिकते आणि एनएसएसमध्ये, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेत, आहे. परवा रक्तदान शिबिरातून दमून आली आणि दारातूनच म्हणाली, "आजी, आज इतक्या बाटल्या झाल्या की फॉर्म कमी पडले!" मला फार बरे वाटले. पण ३१ वर्षे रक्तपेढीत तंत्रज्ञ म्हणून काम केल्यामुळे मी तिला लगेच विचारले, पुढचे शिबिर कधी? तिला माहीत नव्हते. म्हणून हे पत्र.

कॉलेजांची शिबिरे बहुतेक सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये येतात, असा माझा अनुभव. २४ सप्टेंबर हा एनएसएसचा स्थापना दिवस, १ ऑक्टोबर राष्ट्रीय ऐच्छिक रक्तदान दिन, लगेच गांधी जयंती. तीन-चार ठिकाणांहून एकदम पेट्या यायच्या आणि आमचे फ्रिज भरून जायचे. रक्त साठवून साठवून किती साठवणार? तांबड्या पेशी ३५ दिवस टिकतात, वेगळे द्रावण घातले तर ४२ दिवस. प्लेटलेट्स तर अवघे ५ दिवस. म्हणजे गांधी जयंतीची बाटली नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत वापरली नाही तर फेकावी लागते.

मे महिन्यात परीक्षा संपतात, होस्टेल रिकामी होतात आणि फ्रिजही. थॅलेसेमिया या जन्मजात रक्ताच्या आजाराच्या मुलांना मात्र दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवावेच लागते. डभोईहून एसटीने येणारे एक वडील मला आठवतात. मुलगा सात वर्षांचा. ओ पॉझिटिव्ह, म्हणजे काही दुर्मिळ गट नव्हे. तरी त्या दिवशी आमच्याकडे एक बाटली नव्हती. "बेन, आजे तो मळी जशे ने?" (ताई, आज तरी मिळेल ना?) असे ते दर अर्ध्या तासाने खिडकीशी येऊन विचारत होते. मुलगा बाकावर आडवा झाला होता, ओठ पांढरे पडलेले. शेवटी दुपारी कॅन्टीनमधल्या एका पोऱ्याने रक्त दिले. सगळ्या तपासण्या होऊन मुलाला ते चढेपर्यंत रात्र झाली.

एनएसएसच्या विद्यार्थ्याला वर्षाला १२० तास सेवा करावी लागते. विद्यापीठाला माझी विनंती आहे की शिबिरे विद्याशाखांमध्ये वाटून द्यावीत, दर महिन्याला एक-दोन, छोटी चालतील. पुरुषाला तीन महिन्यांनी आणि बाईला चार महिन्यांनी पुन्हा रक्त देता येते, त्यामुळे माणसे कमी पडायची नाहीत. मे-जूनची जबाबदारी वडोदऱ्यातच घर असलेल्या मुलांनी घ्यावी. १४ जूनचा जागतिक रक्तदाता दिन सुट्टीत येतो म्हणून हातचा जाऊ देऊ नये. दात्यांची यादी ठेवणे, वेळ झाली की फोन करणे, हे कामही सेवेच्या तासांत धरावे. त्याचा फोटो निघत नाही, पण पेढीला त्याचीच गरज असते.

आणखी एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे. शिबिरात किती बाटल्या झाल्या ते छापून येते, परत पाठवलेल्या मुलींचा हिशेब कुणी ठेवत नाही. रक्त द्यायला हिमोग्लोबिन १२.५ लागते. उत्साहाने रांगेत आलेल्या कितीतरी मुलींचे १०, साडेदहा निघायचे. काही रडायच्या. "पालक खा, डॉक्टरांना दाखवा" एवढे सांगून मी पुढचा नंबर घ्यायची. रांग मोठी असायची हे खरे, पण अंगात रक्त कमी असलेली एक मुलगी आपल्यासमोर उभी होती आणि आपण तिला नुसते परत पाठवले, याचे मला आज वाईट वाटते. कॉलेजने या मुलींची वही ठेवावी, कुणाला दिसणार नाही अशी. त्यांना डॉक्टरांकडे न्यावे, गोळ्या सुरू झाल्या की नाही ते विचारावे, तीन महिन्यांनी पुन्हा तपासावे. सोबत जाणारी मैत्रीण एनएसएसची असली तर तिचे तासही भरतील.

कुठल्याही विद्याशाखेने हे सुरू केले तर हिमोग्लोबिनच्या टेबलावर बसायला मी दर शनिवारी येईन. माझे हात अजून स्थिर आहेत.

आपली,
एक निवृत्त रक्तपेढी तंत्रज्ञ,
दांडिया बाजार, वडोदरा