पोट आणि काळजी

महोदय,

चिनी वैद्यकाचा विषय निघाला की आपल्याकडे चर्चा सुयांपाशीच थांबते. ली दोंगयुआन या तेराव्या शतकातल्या वैद्याबद्दलही वाचकांना कळावे, म्हणून हे पत्र.

१२३२ मध्ये मंगोल सैन्याने कैफेंगला वेढा दिला. तो उठल्यावर शहरात माणसे भराभर दगावू लागली. इतर वैद्य बाहेरून बाधलेला थंडीचा विकार समजून घाम काढणारी, जुलाब करवणारी औषधे देत होते. ली यांचे निदान वेगळे होते. उपासमार, अतिश्रम आणि जिवाची धास्ती यांनी लोकांची प्लीहा आणि जठर खचले आहे, आधी तेच सावरा, असे त्यांनी सांगितले. (त्या शास्त्रात प्लीहा म्हणजे पचनाची सारी शक्ती, आणि अतिविचाराने तीच दुबळी होते.) भूक आणि भीती यांचा एकत्र विचार करणारे हे निदान मला फार मोलाचे वाटते. आपल्याकडे पोट बिघडलेल्या माणसाला ‘टेन्शन घेऊ नका’ एवढे सांगून वाटेला लावतात, त्याचे वाईट वाटते.

मात्र याच परंपरेतली ‘श्याओ याओ सान’सारखी चूर्णे ऑनलाइन मागवून मनाने घेऊ नयेत. त्यातल्या ज्येष्ठमधाने, फार दिवस घेतल्यास, रक्तदाब वाढतो. दांग ग्वेई ही मुळी रक्त पातळ करणाऱ्या वॉरफॅरिनचा परिणाम वाढवू शकते. शौचावाटे रक्त जात असेल किंवा वजन उतरत असेल, तर आधी तपासण्या करून घ्याव्यात.

– एक वाचक, सातारा