स्टुडिओ भंगारात काढताय? आधी लेन्स काढून घ्या

संपादक साहेब, स.न.वि.वि.

जुन्या फोटो स्टुडिओंवरचा तुमच्या पुरवणीतला लेख वाचला, छानच होता, पण एन्लार्जरचं, म्हणजे निगेटिव्हवरून कागदावर मोठा फोटो काढायच्या यंत्राचं, एवढं वर्णन करून त्याच्या लेन्सबद्दल एक ओळ नाही हे काही पटलं नाही बुवा. आपल्याकडे जळगाव-धुळ्याची काही पोरं परत फिल्मच्या नादी लागलीत, बंद स्टुडिओतून एन्लार्जर उचलून आणतात आणि जी लेन्स असेल तिच्यावरच प्रिंट काढत बसतात.

आधी निगेटिव्ह कोणती ते बघायचं. ३५ एमएमला ५० एमएम फोकल लेंग्थची लेन्स, १२० च्या रोल फिल्मवरच्या ६ बाय ६ सेंटीमीटरच्या निगेटिव्हला ७५ नाहीतर ८० ची. १२० ला ५० लावली की बेसबोर्डवर, म्हणजे कागद ठेवायच्या खालच्या फळीवर, कोपरे अंधारे दिसतात आणि प्रिंटवर तेच पांढरट पडतात, मग पोरं फोटोच्या पेपरला शिव्या देतात! उलटं म्हणजे ३५ ला ८० चालते, फक्त हेड, म्हणजे दिवा-लेन्सचा वरचा भाग, खूप वर न्यावं लागतं.

स्वस्तातल्या तीन काचांच्या लेन्सवर ५ बाय ७ इंचापर्यंत कोणाला काही कळत नाही, १२ बाय १६ काढलं की कोपरे मऊ पडलेले दिसतात. त्यापेक्षा सहा काचांची घ्या, ईएल-निक्कोर २.८, कंपोनॉन-एस किंवा रोडागॉन. यातली भारी कोणती यावर भांडणारे भांडोत, मी तर म्हणेन जिची काच साफ ती घ्या. मोबाईलचा टॉर्च मागून मारून बघा, बुरशीचे धागे किंवा दुधाळ थर दिसला तर सोडून द्या, कॉन्ट्रास्ट जातो. तिघींचा आटा बहुतेक ३९ एमएमचाच असतो, पण मापून घेतलेलं बरं.

आणि फोकस पूर्ण उघड्या लेन्सवर करा पण प्रिंट लेन्सचं छिद्र ५.६ किंवा ८ वर आणून काढा, १६ इतकं बारीक केलं की उलट शार्पनेस कमीच होतो. एवढं करूनही एकच बाजू धूसर येत असेल तर लेन्सला दोष देऊ नका, हेड वाकडं असेल, निगेटिव्ह, लेन्स आणि बेसबोर्ड एकमेकांना समांतर पाहिजेत.

चाळीसगावला छायाचित्रकार केकी मूस यांचं संग्रहालय आहे, पोरांनी तिथले फोटो एकदा जवळून बघावेत. आणि स्टुडिओवाल्यांना विनंती, एन्लार्जर किलोच्या भावात देण्याआधी खालची लेन्स फिरवून काढून ठेवा, कोणीतरी मागायला येईलच.

आपला,
एक जुना डार्करूमवाला, अमळनेर