डेंगळे आलेली पात उपटून टाकू नये

महोदय,

आपल्या पुरवणीत कांद्याच्या पातीची जी पाककृती येते ती नेहमी कोवळ्या पातीचीच असते. परंतु कोंब फुटलेले कांदे नोव्हेंबरात कुंडीत खोचणाऱ्या माझ्यासारख्यांपुढे फेब्रुवारीत प्रश्न असतो तो गुडघ्यापर्यंत वाढलेल्या, जून झालेल्या पातीचा आणि तिच्यातून वर आलेल्या पोकळ दांड्यांच्या डेंगळ्यांचा, म्हणजे कांद्याच्या फुलोऱ्यांचा. कांदा द्विवर्षायू (पहिल्या वर्षी कंद आणि दुसऱ्या वर्षी फुले धरणारा) असल्याने साठवलेला कांदा पुन्हा लावला की थंडीनंतर त्याला डेंगळा येणारच, त्यात आपली काही चूक नसते.

डेंगळ्याचा दांडा नखाने दाबून पाहावा. नख सहज रुतले, तर तो भाजीत चालतो. न उमललेल्या कळ्यांची तर बेसनात घोळवून झकास भजी होतात. जून पातीची बाहेरची राठ पाने काढून उरलेली अगदी बारीक चिरावी, लसूण-हिंगाच्या फोडणीत परतावी आणि मीठ घातल्यावर पाणी सुटले की बेसन पेरून, झाकण ठेवून मंद आचेवर दोन वाफा आणाव्यात. (आमच्या शेजारणीचा आग्रह भिजवलेल्या मूगडाळीचा, मला मात्र पीठच रुचते.)

एक-दोन डेंगळे मुद्दाम राखावेत, कारण त्यांच्या पांढऱ्या गेंदांवर मधमाश्या येतात आणि पुढे काळे बी धरते. ते मात्र वर्षाच्या आत पेरावे, कारण कांद्याच्या बियांची उगवणशक्ती झपाट्याने घटते.

– एक वाचक, पुणे